उंबराखालचा नथनेल

सेसिल, सापडलं गं. ज्या उत्तरासाठी आपण बावीस वर्षं डबे थंड केले ते मला सापडलं, आणि तेही तुझ्याच घरात, तुझ्याच वेताच्या खुर्चीत बसून, तुझ्या सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर. पहिल्यांदा काय केलं असेल मी? पर्समध्ये हात घातला. तुला फोन लावायला. नंबर काढला, नाव वाचलं, आणि मग लक्षात आलं. तुझे मिस्टर, माझे भाऊजी, समोर चहाचा कप घेऊन उभे होते, त्यांना वाटलं मी रुमाल शोधतेय.

तुझ्या महिन्याच्या मिस्सेनंतर चर्चच्या हॉलमध्ये मी दोन शब्द बोलावेत असं फादरांनी सांगितलंय. म्हणून हे लिहून काढतेय, नाहीतर मी भरकटते हे तुला माहीत आहे. तू कधी जन्मलीस, कुठं शिकलीस, किती वर्षं नोकरी केलीस ते बाकीचे सांगतील. मी फक्त आपल्या नथनेलाबद्दल बोलणार आहे, आणि तुला सांगायच्या राहून गेलेल्या एका गोष्टीबद्दल. ती सांगितल्यावर समोर बसलेल्या लोकांत माझी काय किंमत राहील, ठाऊक नाही. आपल्या लॅबचे साहेब येणार आहेत, काठी टेकत का होईना. पण खरं सांगते, गेले तीन आठवडे मी इतकी उतावीळ झालेय की अब्रूची काळजी करायलाही फुरसत नाही. नवरा म्हणतो, सुतकात माणूस असं चमकत्या डोळ्यांनी फिरतं का. त्याला काय सांगू.

तुझी माझी सुरुवात भांडणानं झाली हे बरं झालं. बोईसरच्या त्या केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये दोन तात्पुरत्या जागा निघाल्या होत्या. एक मला मिळाली. दुसरी माझ्या मावसबहिणीला मिळेल असं मी घरी सांगून बसले होते, आणि मिळाली कोणा वसईकडच्या सेसिलला. माझं डोकं फिरलं. कॅन्टीनच्या रांगेत मी मोठ्यानं म्हणाले, वसईकडून केळी सोडून आजवर काय चांगलं आलंय? तू नेमकी माझ्या मागे ताट घेऊन उभी होतीस. मला वाटलं, आता ही भांडणार. तू नुसतं म्हणालीस, "येऊन बघ."

आणि मी खरंच आले. पुढच्याच रविवारी तुझ्या माहेरी तुझ्या आईच्या हातचं जेवून, सुकेळ्यांचं पुडकं काखेत मारून परत आले, आणि सोमवारपासून पालघरच्या नाक्यावर कंपनीच्या बसमध्ये तुझ्यासाठी जागा धरायला लागले. ते ‘येऊन बघ’ तू कुठून उचललं होतंस ते मला फार उशिरा कळलं. नासरेथचं नाव ऐकून नथनेलानं नाक मुरडलं, त्या गावातून काही चांगलं निघतं का म्हणून विचारलं, तेव्हा त्याच्या मित्रानं, फिलिपानं, त्याला हेच उत्तर दिलं होतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून तू माझ्यावर शास्त्राचा प्रयोग चालवला होतास आणि मला पत्ता नव्हता. तेव्हापासूनचा डूख आहे माझा तुझ्यावर.

लॅबच्या मागचा उंबर तर हॉलमधल्या निम्म्या लोकांना आठवत असेल. कंपनीची भिंत बांधताना तो नेमका मध्ये आला होता, पण दत्ताचं झाड तोडायला एकही माणूस कुऱ्हाड उचलेना, म्हणून ठेकेदारानं भिंतीलाच वळण दिलं. त्या वळणात आपली दोघींची जागा. खोडालाच लगडलेली फळं डब्यात पडायची, त्यातल्या चिलटांना तू हातानं वारत जेवायचीस. उंबर म्हणजे अंजिराचा चुलतभाऊ, हे तूच मला सांगितलंस. मला तेव्हा ते काही फार महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

आता ती गोष्ट. एका दमात सांगते, नाहीतर सांगणार नाही.

आपल्याला कामाला लागून दोन वर्षं होत आली होती. दोघींपैकी एकीला कायम करणार होते. त्या दिवसांत लॅबमध्ये एकच चांगला थर्मामीटर होता, लाकडी पेटीतला, स्वतःच्या दाखल्यासकट आलेला. बाकीचे थर्मामीटर त्याच्याशी ताडून बघायचे. तो बाहेर काढायचा तर रजिस्टरमध्ये सही करायची, आणि ज्याची सही त्याची जबाबदारी. त्या दिवशी सकाळी सही तुझी होती. दुपारी तू वजनकाट्याच्या खोलीत होतीस. मी तुझ्या टेबलावरून तो उचलला, दोन मिनिटांत परत ठेवू म्हणून सही केली नाही. गरम तेलातून काढला आणि घाईत थंड पाण्याच्या नळाखाली धरला. पहिल्या महिन्यातल्या पोरीनंही करू नये अशी चूक. तो तडकला, आणि पारा सिंकमध्ये सैरावैरा पळाला.

आजूबाजूला कोणी नव्हतं. मी कागदाच्या कडेनं पाऱ्याचे थेंब एका छोट्या बाटलीत गोळा केले, काचा गाळणकागदात गुंडाळल्या, आणि सगळं पदराखाली घेऊन उंबराकडे गेले. मुळाशी उकरून पुरलं. मग तिथंच बसले. जेवायची सुट्टी होती. डबा उघडला नाही. उठावं, सरळ साहेबांच्या केबिनमध्ये जावं आणि सांगावं, एवढंच करायचं होतं. रडले, तोंड पुसलं, पुन्हा रडले. दोन वेळा उठायला गेले आणि दोन वेळा बसले. मग भोंगा वाजला. मी उठले आणि केबिनकडे न जाता माझ्या टेबलाकडे गेले.

संध्याकाळपर्यंत तू सगळी लॅब पालथी घातलीस. माझ्याकडे आलीस. "कुंदे, तू पाहिलास का गं थर्मामीटर?" म्हणून विचारलंस. मी मान वर न करता नाही म्हटलं.

तुला निष्काळजीपणाचा मेमो मिळाला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मी कायम झाले. तू आणखी एक वर्ष तात्पुरती राहिलीस. त्या वर्षी तू अंगात ताप घेऊन यायचीस, कारण तात्पुरत्यांना रजा नव्हती. माझ्या कायम होण्याचे पेढे मीच वाटले, आणि तू दोन घेतलेस.

मेमो मिळून आठवडा झाला असेल. आपण उंबराखाली बसलो होतो, मी मुद्दाम त्या मुळापासून लांब. मेथीची भाजी खाता खाता तू एकदम सुरू केलंस, "आमच्यात एक नथनेल होता, तुला सांगितलाय का मी कधी?" आणि मग ती सगळी हकीकत. फिलिप त्याला ओढत येशूकडे घेऊन जातो. येशू त्याला लांबूनच बघतो आणि म्हणतो, हा बघा, मनात कपट नसलेला माणूस. नथनेल चकित होतो, मला तुम्ही कुठून ओळखता म्हणतो. तर उत्तर मिळतं, फिलिपानं तुला बोलावण्याच्या आधी तू अंजिराच्या झाडाखाली होतास, तेव्हाच मी तुला पाहिलं. बस्स. एवढं ऐकलं आणि तो जागच्या जागी म्हणाला, तुम्ही देवाचे पुत्र आहात, तुम्ही राजा आहात.

"तो झाडाखाली काय करत होता, ते कुठंच लिहिलेलं नाही," तू म्हणालीस. "तुला काय वाटतं, काय करत असेल?"

सेसिल, मी हातातला घास डब्यात परत ठेवला. काहीतरी बोलायलाच हवं होतं. आणि मला काय सुचलं तर वाद. मी म्हटलं, ते राहू दे, आधी हे सांग, तुमच्या येशूच्या त्या बारा शिष्यांत हा नथनेल होता का? तू बोटांवर नावं मोजलीस, पुन्हा मोजलीस. नव्हता. मी सुटले.

तिथून सुरू झालं ते बावीस वर्षं. दुसऱ्या दिवशी तू वहीत सगळं लिहून आणलंस. येशूची हकीकत चौघांनी लिहिली. त्यातल्या तिघांनी बारा प्रेषितांची यादी दिली, आणि तिन्ही याद्यांत फिलिपच्या पाठोपाठ बर्थलमय नावाचा माणूस आहे, पण नथनेल नाही. चौथ्यानं नथनेलाची गोष्ट सांगितली, तर त्यात बर्थलमयाचा पत्ता नाही. तुझं म्हणणं, दोघं एकच. माझं म्हणणं, दोन बाटल्यांवर दोन लेबलं असतील तर ते दोन नमुने, चाचणी होईपर्यंत एक म्हणायचं नाही. तू फादरांना विचारून यायचीस, मी खोडून काढायचे. बसमध्ये आपला आवाज चढला की मागून कोणीतरी हिंदीत विचारायचं, दीदी, झगडा किसका है? तू सांगायचीस, दो हजार साल पुराना है भैया.

काय दिवस होते ते. मी सासरहून, पालघरजवळच्या माहीमहून, एसटीनं येताना वाटभर मुद्दे जुळवायचे. पालघरच्या नाक्यावर तू दिसलीस की पहिलं वाक्य सुप्रभात नसायचं, नथनेल असायचा. माझ्यासारख्या मासेमाराच्या पोरीला, जिच्या घरी सोमवार आणि चतुर्थी सोडल्या तर देवाचा विषय निघत नव्हता, त्या परक्या माणसाचा एवढा ध्यास का लागावा याचं सगळ्यांना नवल वाटायचं. मला नव्हतं वाटत. तो कोण होता यावर आपण भांडत होतो तोवर तो झाडाखाली काय करत होता हा प्रश्न निघत नव्हता. पण हेही खरं की पळता पळता मला त्या वाटेचीच गोडी लागली.

तू एकदा सुकट न्यायला एडवणला माझ्या माहेरी आलीस, तो रविवार तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. आय अंगणात बोंबील काठ्यांवर टांगत होती. तू तिला मदत करायला घेतलंस आणि दोन जबडे एकमेकांत अडकवायची युक्ती काही तुला जमेना. तेवढ्यात आपलं सुरू झालंच. आयनं थोडा वेळ ऐकलं, मग विचारलं, काय भानगड हाय? तू तिला सगळं सांगितलंस, अगदी शेवटपर्यंत. गुरू गेल्यावर हे लोक परत तळ्यावर मासेमारीला गेले, त्या होडीत नथनेल होता, हेही सांगितलंस. होडीचं नाव निघाल्यावर आयचे कान टवकारले.

"मग यात वाद कसला घालताय?" आय म्हणाली. "आमच्या हरेश्वराला बोटीवर कोण हरेश्वर म्हणतं? वाळूवर मासळीचे वाटे घातले का ‘धर्माचा’ म्हणूनच हाक येते. वाटा बापाच्या नावानं, आन जेवाला हाक आयनं ठेवलेल्या नावानं. यादी करणारे वाट्याच्या नावानं यादी करतील, आन दोस्त हाय तो घरच्या नावानं बोलल."

तू हातातला बोंबील तसाच धरून उभी राहिलीस. बर्थलमय म्हणजे तोलमयाचा मुलगा, हे तुला माहीत होतं आणि मला नव्हतं. हरेश्वर माझा भाऊ, धर्मा आमचा बाप. लहानपणापासून मी ती हाक किनाऱ्यावर ऐकत आले होते आणि वीस वेळा वाद घालूनही मला ती आठवली नव्हती. "आन तो फिलपाच्या शेजारी का?" आय बोलतच होती. "तर फिलपानंच आणला ना त्याला. नव्या माणसाला बोटीवर कोण आणतो, तोच त्याला बाजूला घेऊन बसतो. चुकला तर सावरायला नको?"

तू तशाच ओल्या हातांनी आयला मिठी मारलीस. परतताना बसमध्ये तुझ्या हातांचा वास येत होता, लोक सरकून बसत होते, आणि तू पालघर येईपर्यंत हसत होतीस. मी मात्र हटले नाही. म्हटलं, शक्यता चांगली आहे, पण बॅच पास करणार नाही. पुरावा आण.

तुझ्या पाकिटात त्या बर्थलमय संताचं चित्र असायचं, हातात सुरी घेतलेलं. आयला दाखवलंस तर ती म्हणाली, मासे साफ करतोय व्हय? तू तिला हळूच सांगितलंस की त्याची जिवंतपणी कातडी सोलली असं म्हणतात, ती सुरी त्याची खूण आहे. आयनं हात पुसून ते चित्र जवळ घेतलं. म्हणाली, एवढं सोसलं त्यानं, म्हणजे काहीतरी बघितलेलं असल. आणि तो आपल्याकडे आला होता असंही एक जुनं सांगणं आहे, कल्याणच्या बाजूला उतरला म्हणे, हे तू सांगितलंस तेव्हा मी चेष्टा केली. आमच्या किनाऱ्यावर उतरला असता तर बायांनी पहिलं विचारलं असतं, टोपलीत काय आणलंस.

पण माझी खरी चेष्टा त्याच्या विश्वासावर होती, आठवतंय ना? झाडाखाली बसलेला पाहिला म्हणून लगेच देवाचा पुत्र? मी म्हणायचे, आमच्या आळीच्या तोंडाशी बसणारी म्हातारी रोज सगळ्या गावाला बघते, कोण कुणाच्या घरी गेलं तेही सांगते, मग तिला काय म्हणायचं? तू हसून हसून बेजार व्हायचीस. हसू ओसरलं की मात्र डब्याचं झाकण लावता लावता म्हणायचीस, तसं नाही कुंदे, तिथं काहीतरी आहे, तुला एक दिवस कळेल. मला वाटायचं, तुला उत्तर देता येत नाही म्हणून टाळतेस. टाळत कोण होतं ते आता कळतंय.

आणि ते तुझं दुसरं वाक्य. लॅबमध्ये नवी पोरगी आली की तू माझी ओळख करून द्यायचीस, "ही कुंदा. तोंडाची फटकळ, पण हिच्या मनात कपट नाही." दरवेळी. मी त्या पोरींसमोर हसायचे आणि आतून जळायचे. मला वाटायचं, हिला जर कळलं तर ही माझं तोंड बघणार नाही. हिची माया मी चोरून खातेय. बावीस वर्षं मला असं वाटत होतं, सेसिल. बाकी कुणाला नाही, पण तुला एवढं तरी सांगायला हवं होतं.

सांगणारच होते. तू दवाखान्यात होतीस, त्या शेवटच्या रविवारी मी ठरवूनच निघाले होते. माहीमहून पालघरपर्यंत एकच वाक्य घोकत आले. तुझ्या उशाशी बसले, तुझे ओठ ओल्या कापसानं पुसले, आणि तोंड उघडणार तेवढ्यात तूच बोललीस. आवाज नव्हताच, नुसता वारा.

"मग? काय करत होता तो झाडाखाली?"

आणि मी काय केलं? जे बावीस वर्षं करत आले तेच. म्हटलं, आधी कबूल कर, दोघं एकच होते याला पुरावा नाही. तू डोळे मिटलेस. हसलीस. "बरं बाई," म्हणालीस, "नाही पुरावा." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तू हार मानलीस, आणि मी मूर्ख, त्या आनंदात घरी आले. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. गुरुवारी फोन आला.

आता सातव्या दिवसाचं ऐक. मिस्सा झाली, लोक पांगले, मी तुझ्या खुर्चीत बसले होते. भाऊजी चहा घेऊन आले आणि सहज बोलावं तसं बोलले. त्यांना वाटत होतं मला सगळं माहीत आहे. म्हणाले, तुमची मैत्री म्हणजे नवलच, त्या थर्मामीटरनंतरही टिकली. मी विचारलं, कुठला थर्मामीटर? ते गोंधळले. मग हळूहळू सांगितलं.

वजनकाट्याच्या खोलीची खिडकी उंबराकडे उघडायची. तू तिथं उभी होतीस. मी उकरताना तू पाहिलंस. मी पुरताना पाहिलंस, रडताना पाहिलंस, दोन वेळा उठून बसताना पाहिलंस. तू जेवली नव्हतीस. भोंगा वाजेपर्यंत तू त्या खिडकीत उभी होतीस, आणि मी कुठल्या दिशेनं जाते ते बघत होतीस. मेमो घरी आला तेव्हा भाऊजी संतापून कंपनीत यायला निघाले होते. तू त्यांना दारातच अडवलंस.

"ती म्हणाली, थर्मामीटर फुटलाय, आता माणूस कशाला फोडायचा?" भाऊजी सांगत होते. "मी म्हटलं, मग निदान तिला एकटीला तरी विचार. तर म्हणाली, विचारलं मी. आज नाही उठली, उद्या उठेल. मी तिला खेचून उठवणार नाही."

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला तुझा भयंकर राग आला. बावीस वर्षं! मला मेमो मिळवून दिला असतास, चार लोकांत थोबाडीत मारली असतीस, तर मी एका दिवसात मोकळी झाले असते. तू मला दोन पेढे घेऊन दाखवलेस. तू माझ्यासमोर येऊन विचारलंस, पाहिलास का, आणि माझं नाही ऐकून शांतपणे परत गेलीस. तो प्रश्न म्हणजे तू माझ्यासाठी उघडं ठेवलेलं दार होतं, आणि मी ते लावून घेतलं. चहा न पिताच मी कप खाली ठेवला.

आणि त्या रागाच्या मधोमध, सेसिल, ते लख्ख झालं. मी खुर्चीतून उभीच राहिले.

येशूनं आधी म्हटलं की याच्या मनात कपट नाही, आणि नंतर सांगितलं की मी तुला झाडाखाली पाहिलं होतं. हा क्रम आपण कितीदा बोलून दाखवला असेल! पण मला वाटायचं, झाडाखाली तो काहीतरी चांगलं करत असणार, प्रार्थना वगैरे. नाही गं. चांगलं करताना कुणी पाहिलं तर माणूस खूश होतो, पाय धरत नाही. तो तिथं काहीतरी पुरत होता. माझ्यासारखाच. निदान त्याला तरी असंच वाटत असणार की हे कुणाला कळलं तर आपण संपलो. आणि ज्यानं ते पाहिलं तोच माणूस सगळ्यांदेखत म्हणतो, हा बघा, याच्या मनात कपट नाही. नुसतं पाहिल्यामुळे त्याचा विश्वास बसला नाही. पाहूनही असं म्हणाला, म्हणून बसला. आमच्या आळीची म्हातारी सगळ्यांना बघते, पण बघून झाल्यावर ती असं बोलत नाही.

तू नव्या पोरींना ते वाक्य सांगायचीस तेव्हा ते पाहून झालेलं होतं. प्रत्येक वेळी. मी चोरून खात नव्हते, तू वाढत होतीस.

मला माहीत आहे, फादर म्हणतील यालाही पुरावा नाही. नसू दे. मोठे मोठे लोक पोथ्या उलटून थकले, त्यांना बोईसरच्या कंपनीतला उंबर कुठं माहीत होता?

परवा मी तिथं जाऊन आले. गेटवर नवा वॉचमन होता, मला ओळखत नव्हता. बोलला, मैडम, किससे मिलना है? मी सांगितलं, किसी से नहीं, पाँच मिनट बैठना है. मी रिटायर झालेली म्हटल्यावर त्यानं सोडलं. उंबर तसाच आहे, भिंतीचं वळणही. मी नेमकी त्या मुळापाशी बसले. उकरलं काही नाही. मान वर केली तर ती खिडकी अगदी समोर, मध्ये एक फांदीसुद्धा नाही. एवढी वर्षं आपण तिथं जेवलो आणि मी कायम खिडकीकडे पाठ करून बसायचे. माझ्या समोर बसून तू रोज त्या खिडकीकडे बघत जेवत होतीस.

तर आता, हॉलमधल्या लोकांनो, आणि साहेब, तुम्हीही ऐका. तो पेटीतला थर्मामीटर मी फोडला होता. सही सेसिलची होती, हात माझा होता. तिच्या नावावरचा मेमो माझा आहे आणि तिचं गेलेलं ते वर्षही माझ्यामुळे गेलं. तिला हे माहीत होतं. तिनं ते पाहिलं होतं, आणि तरीही ती माझ्याबद्दल काय बोलायची ते तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी तिच्या तोंडून ऐकलेलं आहे. मी त्या वाक्याच्या लायकीची नव्हते. तिनं ते बोलून बोलून मला आज इथवर आणलं.

आणि सेसिल, आयचं म्हणणं मी मान्य करते. नथनेल आणि बर्थलमय एकच. झाडाखाली तोंड लपवून बसलेला आणि पुढे कातडी सोलली तरी न हटलेला, हे दोघं एकच माणूस असू शकतात, हे मला आता पटलं. बॅच पास. माझी सही घे, या वेळी करतेय.

भोंगा वाजून बावीस वर्षं झाली. तू अजून खिडकीत असशील तर बघ. मी उठले.